दोरीचं दुसरं टोक

आमच्या घरात कुत्री आहे हे कळलं की लोक दोन प्रकारचे प्रश्न विचारतात. नात्यातले, मोहल्ल्यातले लोक विचारतात, "घरात? मग नमाजचं कसं करता?" शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, "अगं, पण तुमच्यात चालतं का?" शब्द वेगळे, प्रश्न तोच. सुरुवातीला मी दोघांनाही लांबलचक खुलासे द्यायचे. आता एवढंच सांगते, "सहा फुटांची दोरी आहे, तिच्या जोरावर चालतं." लोकांना ती थट्टा वाटते. पण ते खरं उत्तर आहे. ते मला कसं सापडलं, ते आज लिहिते. कुणाच्या घरी नवं जनावर येणार असेल आणि घरात ते नको असणारं माणूसही असेल, तर त्याला याचा उपयोग व्हावा.

आम्ही सांगलीत भाड्याच्या घरात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा एसटीत वाहक, त्याचा डेपो बाहेरगावी, त्यामुळे तो सुट्टीपुरता येतो. घरात मी, लेक आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. वय शहात्तर. गुडघे गेलेत, खुर्चीवर बसून नमाज पढतात, पण पाचातली एकही चुकत नाही.

हे घर सहज मिळालेलं नाही. चार ठिकाणी नाव सांगेपर्यंत घर रिकामं होतं आणि नाव सांगितल्यावर ते 'कालच गेलं' होतं. पाचव्या ठिकाणी तळमजल्यावरचे घरमालक आजोबा म्हणाले, "भाडं वेळेवर द्या, पाणी जपून वापरा." झालं. गेली सहा वर्षं आम्ही इथे आहोत, पण जरा दबूनच. टीव्हीचा आवाज कमी, जिन्यातल्या चपला सरळ रेषेत. आपल्या एका चुकीचा हिशोब सगळ्यांच्या खात्यात मांडला जातो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

शेजारच्या प्लॉटवर दोन वर्षं बांधकाम चालू होतं. तिथल्या वॉचमनचं कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहायचं. दोन मुलं आणि एक तपकिरी कुत्री. मुलं तिला भुरी म्हणायची. एप्रिलच्या शेवटी काम संपलं, कुटुंब टेम्पोत सामान भरून दुसऱ्या साइटवर गेलं. भुरी टेम्पोच्या मागे चौकापर्यंत धावली आणि परत येऊन बंद गेटसमोर बसली. त्या माणसांना मी दोष देत नाही. ज्यांना स्वतःची खोली पुढच्या गावात मिळेल की नाही ठाऊक नसतं, ते कुत्र्याला कुठे नेणार? पण ती तिथेच बसून राहिली. आठ दिवस, दहा दिवस. लेक तिला पाणी नेऊन द्यायची, रात्रीची उरलेली चपाती द्यायची. १३ मे २०२५ला दहावीचा निकाल लागला. बक्षीस म्हणून तिने एकच गोष्ट मागितली.

मी आयुष्यात कुत्र्याला हात लावला नव्हता. लहानपणी आमच्या गल्लीत कुत्रं जवळून गेलं तरी आम्ही कपडे आवरून भिंतीला चिकटायचो. त्याला आम्ही पाकी म्हणायचो. आता वाटतं, त्यात पाकी थोडी आणि भीती जास्त होती. तरीही लेकीला हो म्हणाले. निकालाच्या दिवशी नाही म्हणणं जमलं नाही, एवढंच कारण.

आजोबांना विचारायला गेले. ते म्हणाले, "मला काही नाही. पण जिन्यात घाण नको आणि रात्री भुंकणं नको. तक्रारी आल्या तर मग मला बोलता येणार नाही." याचा अर्थ मला कळला. हे घर सुटलं तर पुढच्या घरमालकाला दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. एक आडनाव, दुसरी कुत्री. यातली जास्त अवघड कुठली, यावर मी आणि नवऱ्याने फोनवर हसून घेतलं. पण रात्री मला झोप लागली नाही.

अम्मी मात्र हसल्या नाहीत. "नक्को गे बेटा, घर में नक्को," असं म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळी त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या कुत्र्याचा राग करत नव्हत्या. जत तालुक्यात त्यांच्या वडिलांकडे शेरडांच्या राखणीला दोन कुत्री होती. "पण ती गोठ्यात असायची. राखणीला, शिकारीला ठेवायला परवानगी आहे. घरात कशाला? तिची लाळ कपड्याला लागली की कपडा नापाक. या वयात मी पाच वेळा कपडे बदलू का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "बकरी ईदपर्यंत बघते. ईदला पाहुणे येतील. त्याआधी काय ते ठरव."

ईद ७ जूनला होती. हातात साडेतीन आठवडे होते.

पहिल्याच दिवशी मी ती चूक केली, जी बहुतेक लोक प्रेमापोटी करतात. भुरीला घरात आणलं, दार लावलं आणि मोकळं सोडलं. वाटलं, बिचारी फिरेल, बघेल, तिला घर आवडेल. ती आधी भिंतीच्या कडेकडेने पळाली, मग दिवाणाखाली शिरली, तिथेच मुतली. खाणं ठेवलं, शिवलं नाही. आम्ही वाकून वाकून हाका मारत होतो आणि ती आणखी कोपऱ्यात सरकत होती. रात्री सगळे झोपल्यावर कधीतरी ती बाहेर आली. पहाटे फजरला अम्मी उठल्या तेव्हा भुरी त्यांच्या खोलीत, खुर्चीपुढे अंथरलेल्या जानमाजवर मुटकुळं करून झोपली होती. तोंड जानमाजवर, लाळेचा ओला डाग.

अम्मी एक शब्द बोलल्या नाहीत. जानमाज उचलून मोरीत गेल्या. मी "द्या, मी धुते" म्हटलं तर हात आडवा केला. दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर बसून त्यांनी ती स्वतः धुतली. एक, दोन, तीन असं मोजत सात वेळा पाणी घातलं. मी दाराशी उभी होते. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी भुरीला रिक्षात घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या कानाचा कापलेला कोपरा दाखवला. नसबंदी झालेल्या कुत्र्यांची ती खूण असते. रेबीजची लस दिली, जंतांचं औषध दिलं, गोचिडांसाठी औषध लिहून दिलं. मी रात्रीचा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, "पहिल्याच दिवशी अख्खं घर दिलंत?"

"हो."

"तेच चुकलं. तिला घर म्हणजे काय ठाऊक नाही. कुठे झोपायचं, कुठे मुतायचं, कोण मारणार, कोण नाही मारणार, काहीच ठाऊक नाही. एवढी मोठी जागा तिला सुख देत नाही, घाबरवते. तिला घर देऊ नका, तुमच्याजवळची सहा फूट जागा द्या."

मग त्यांनी घरातल्या दोरीची पद्धत सांगितली. दोरी म्हणजे बाहेर फिरवताना वापरतात तीच, पण घरातही वापरायची. साखळी नको, गळा आवळणारा पट्टा तर अजिबात नको. छातीवरून येणारा मऊ पट्टा घ्यायचा, त्याला हलकी कापडी दोरी. दोरीचं एक टोक तिच्या पट्ट्याला, दुसरं तुमच्या कमरेला. तुम्ही जिथे, ती तिथे. ती सतत नजरेसमोर राहते, त्यामुळे चूक करायला तिला वावच कमी मिळतो. आणि चूक झाली नाही की ओरडावं लागत नाही. त्यांचा साधारण अंदाज असा होता: बावरलेपण ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. काहींना त्याहून जास्त लागतात.

दोरी घेऊन घरी आले. अम्मींनी ती बघितली आणि म्हणाल्या, "बांधणार तिला? त्या मांजरवाल्या बाईचं ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. आपल्यापैकी बहुतेकांना ती हदीस लहानपणापासून ठाऊक असते. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, खायला दिलं नाही आणि स्वतःचं खाणं शोधायला सोडलंही नाही. मांजर मेली आणि त्या बाईच्या वाट्याला आग आली. तहानलेल्या कुत्र्याला पायताणाने विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या बाईची हदीस आपण कौतुकाने सांगतो. मांजरीची हदीस कमी सांगतो, कारण तिच्यात आपल्यासाठी ताकीद आहे. अम्मींच्या बोलण्यात मला तेव्हा टोमणा दिसला. पुढच्या तीन आठवड्यांत कळलं, तो हिशोब होता. ज्याला बांधलं, त्याच्या खाण्याचं, पाण्याचं, शी-शूचं, भीतीचं सगळं आता बांधणाऱ्यावर. दोरीची गाठ दोन्हीकडे बसते.

पहिले तीन दिवस मी दोरी कमरेला बांधलीच नाही. आधी तिला पट्टा नुसता दाखवायचा, उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा द्यायचा. पट्ट्याला नाक लावलं, तुकडा. अंगावर ठेवला, तुकडा. एक मिनिट घातला, काढला, तुकडा. मग दोरी जोडून ती जमिनीवर नुसती लोळू द्यायची, म्हणजे आपल्या मागे काहीतरी सरपटतंय याची भीती जाते. दोरीचा हातात धरायचा फास कापून टाकला, नाहीतर तो खुर्चीच्या पायात अडकतो. दोन गोष्टी डॉक्टरांनी बजावल्या होत्या. घरात कुणी लक्ष ठेवायला नसताना दोरी अंगावर ठेवायची नाही, कारण ती कशात तरी गुंतून जीव जाऊ शकतो. आणि ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे लोळणारी दोरी म्हणजे पडायचं निमित्त. दुसऱ्याच दिवशी अम्मी दोरीत पाय अडकून पडता पडता वाचल्या. तेव्हापासून अम्मी खोलीबाहेर आल्या की मी दोरीवर पाय ठेवून उभी राहायचे.

चौथ्या दिवशी कमरेला जुनी ओढणी घट्ट बांधली, तिच्यात दोरी अडकवली आणि कामाला लागले. भाकरी थापताना भुरी ओट्याच्या पायाशी. कपडे वाळत घालताना गॅलरीच्या दाराशी. मे महिन्याची सुट्टी होती म्हणून हे जमलं. नोकरीच्या दिवसांत जमलं नसतं. सुरुवातीला मला वाटायचं की मी तिला धरून ठेवलंय. दोन दिवसांनी लक्षात आलं, मलाच धरून ठेवलंय. पटकन उठून फोन घ्यायला जायची सोय राहिली नाही. मी झपकन उठले की ती दचकायची, म्हणून मी हळू उठायला शिकले. डोळ्यांत डोळे घालून बघितलं की ती मान फिरवायची, ओठ चाटायची, जांभई द्यायची. ती जांभई झोपेची नसते, अवघडल्याची असते. म्हणून मी तिच्याकडे बघायचं बंद केलं. पाठ किंवा कूस करून बसायचे. सहाव्या दिवशी मी लसूण सोलत असताना तिने आपणहून माझ्या पायाजवळ अंग टाकलं.

दोरी ओढायची नाही, हा सगळ्यात अवघड नियम. ती दुसरीकडे निघाली आणि दोरी ताणली गेली की आपण झाडासारखं उभं राहायचं. ओढायचं नाही, बोलायचं नाही. ती थांबते, वळून बघते, एक पाऊल मागे येते, दोरी सैल होते. त्याच क्षणी तुकडा. दोरी सैल असली की चांगलं काहीतरी मिळतं, एवढंच तिला कळायला हवं. वर्गात मी वीस वर्षं मुलांना चुकीबद्दल बोलत आले. इथे नीट झालेलं एक सेकंदाच्या आत ओळखायचं होतं. ते जास्त कष्टाचं आहे.

शी-शूचं गणित दोरीनेच सुटलं. झोपून उठली, खाऊन झालं, खेळून झालं की लगेच खाली, दर वेळी त्याच जागी, कुंपणाजवळच्या निंबाखाली. झालं की तिथेच तुकडा द्यायचा. घरी येऊन दिला तर तिला वाटतं, जिना चढल्याबद्दल मिळाला. घरात ती जमीन हुंगत गोल फिरायला लागली की कमरेला ओढ जाणवायची आणि मी हातातलं काम टाकून धावायचे. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला. दुपारी, रात्री, पहाटे छत्री घेऊन निंबाखाली उभं राहायचं. ती भिजलेल्या मातीवर पाय टाकायला तयार नसायची आणि मी वर आजोबांच्या खिडकीकडे बघत असायचे. घरात तीन वेळा चूक झाली. ओरडले नाही, पुसून व्हिनेगरच्या पाण्याने धुतलं. आपल्या नाकाला वास गेला तरी तिच्या नाकाला जात नाही, आणि वास राहिला की ती तीच जागा समजते.

आता अम्मींच्या खोलीबद्दल.

नवऱ्याने त्याच्या डेपोजवळच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं होतं. आपण हनफी. त्यांनी सांगितलं, लाळ नापाक, लागली तर धुवा. कोरडं अंग कपड्याला घासलं म्हणून कपडा नापाक होत नाही. नमाजची जागा वेगळी राखा. गरजेशिवाय घरात ठेवू नये, पण आणलेलं जनावर रस्त्यावर टाका असंही मी सांगणार नाही. कोकणातल्या शाफई घरांत यापेक्षा कडक पाळतात, तिथे ओल्या अंगाचाही प्रश्न येतो. मी आलिमा नाही, मसले सांगायचा मला अधिकार नाही. मला फक्त एक गोष्ट कळली: भुरीचं तोंड अम्मींच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर राहिलं, तर दोघी एका घरात राहू शकतात. म्हणजे सगळा प्रश्न एका उंबऱ्यावर आला होता. आणि उंबरा दोरीने शिकवता येतो.

दिवसातून वीस-पंचवीस वेळा मी तिला घेऊन त्या दारापर्यंत जायचे. उंबऱ्याच्या वीतभर अलीकडे थांबायचे. ती आत जायला बघायची, दोरी ताणायची, मी उभी. मागे आली की तुकडा. मी तिला "थांब" म्हणायचे. "बस" म्हणायचे. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. लेकीने हिंदीत सांगून बघितलं, इंग्रजीतही. कान हलायचे नाहीत. दहावा दिवस असेल, मला वाटायला लागलं होतं की हिला काही समजत नाही.

त्या दुपारी अम्मी पलंगावर पडून बघत होत्या. मी दाराशी अडले होते, भुरीने एक पंजा उंबऱ्यावर टाकला होता. अम्मी एकदम उठून बसल्या आणि खेकसल्या, "निल्लु!"

भुरी जागच्या जागी थांबली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. अम्मींनी जरा हलक्या आवाजात म्हटलं, "होगु." भुरीने पंजा मागे घेतला आणि दोन पावलं सरकली. "कूतको." ती बसली. शेपटी पहिल्यांदा जमिनीवर आपटली.

वॉचमनचं कुटुंब कानडी बोलायचं. दोन वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं. माहीत असलं तरी सुचलं नसतं. अम्मींचं माहेर जत तालुक्याच्या पूर्व भागात, तिथे गावंच्या गावं कानडी बोलतात. घरात दखनी, रानात कानडी, अशी त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. लग्न होऊन इकडे आल्यापासून त्यांच्या तोंडून मी कानडी शब्द ऐकला नव्हता. त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते. म्हणाल्या, "मला पण इथे आल्यावर वर्षभर कुणी 'बा' म्हटलं नव्हतं." 'बा' म्हणजे ये.

त्या दिवसापासून काम सोपं झालं. अम्मी तिला जवळ घेत नव्हत्या, हात लावत नव्हत्या. पलंगावरून हुकूम सोडायच्या. मी दोरी आणि तुकडे सांभाळायचे. लेकीने स्वयंपाकघरातल्या फळ्यावर शब्द लिहून ठेवले: बा, निल्लु, होगु, कूतको. शिक्षिकेच्या घरात एका कुत्रीमुळे कानडीचा वर्ग भरायला लागला.

एक काम राहिलं होतं. मी खाली दुकानात गेले की भुरी रडायची, लांब सूर काढून. टेम्पो निघून गेला होता तसंच तिला वाटत असावं. वरच्या मजल्यावरून एकदा तक्रार आली. त्यासाठी दोरी चालत नाही, ती काढूनच ठेवायची. गॅलरीला लागून तिचा कोपरा केला, जुनं गोधडं, पाण्याचं भांडं, आडवी जाळी. मग मी चपला घालायचे आणि जायचे नाही. दार उघडायचे, बंद करायचे, परत येऊन बसायचे. मग अर्धं मिनिट बाहेर. मग दोन. मग पाच. जाताना लाड नाहीत, येताना गडबड नाही. ईदच्या आठवड्यात ती अर्धा तास गप्प राहायला लागली होती.

६ जून शुक्रवार होता आणि अरफ्याचा रोजाही. दुपारी अम्मी आपल्या खोलीत सूरह कहफ पढत होत्या. दर जुम्म्याला पढतात. मी बाहेर दाराशी बसून दुसऱ्या दिवसासाठी आलं निवडत होते, दोरी कमरेला, अंगभर सैल. भुरी उंबऱ्याच्या अलीकडे पुढचे पाय पसरून पडली होती. मी तिला तसं बसवलेलं नव्हतं. ज्यांना ती सूरह ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांबरोबर त्यांचं कुत्रंही होतं, आणि कुरआनने त्याची नोंद घेतली आहे: दाराशी, पुढचे पाय पसरून. पढून झाल्यावर अम्मी बाहेर बघत थोडा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "आयुष्यभर पढतेय. कुत्रं कसं बसलं असेल ते आज बघितलं." लगेच आवाज चढवून, "पण आत नाही हं!"

ईदच्या दिवशी घर भरलं. नणंदा, त्यांची मुलं, नवऱ्याचे मामू. मटणाचा वास, घंटीचा आवाज. सकाळी मी भुरीला लांब फिरवून आणलं आणि दोरी काढून तिच्या कोपऱ्यात ठेवलं. नव्या कुत्र्याला इतक्या माणसांत दोरीने बांधून मिरवणं बरं नाही, त्याला पळायला जागाच राहत नाही. मुलांना जाळीपासून लांब ठेवायचं काम लेकीने घेतलं. एक भाचा नळीचं हाड घेऊन निघाला तेव्हा अम्मी आतून ओरडल्या, "शिजवलेलं हाड नक्को रे! तुकडे होतात, आतड्याला टोचतात." हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं मी लेकीला सांगत होते तेव्हा त्यांनी ऐकलं असणार.

जेवण झाल्यावर मामू म्हणाले, "भाभी, घरात कुत्रं असलं की रहमतचे फरिश्ते येत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यासारख्या नमाजी बाईच्या घरात हे कसं?"

खोलीत सगळे गप्प झाले. मी अम्मींकडे बघितलं नाही.

"राखणीला आहे," अम्मी म्हणाल्या.

"दुसऱ्या मजल्यावर? कशाची राखण?"

"माझी," असं म्हणून त्यांनी चहाचा कप मामूंच्या पुढे सरकवला.

मामूंचं म्हणणं चूक होतं असं मला वाटत नाही. ते त्यांच्या श्रद्धेने बोलले, आणि अम्मीही. आमच्या घरात यावर निकाल लागलेला नाही, लागायची गरजही पडलेली नाही. उंबरा आहे, आणि तो भुरी पाळते.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली. आधी दोरी फक्त संध्याकाळी लावायचे, मग पाहुणे आले तर, मग तीही घरात लागेनाशी झाली. आता ती दाराजवळच्या खिळ्याला असते, बाहेर जाण्यापुरती. आजोबांनी परवा जिन्यात विचारलं, "तुमची कुत्री आहे ना अजून? आवाज नसतो तिचा." मी "आहे" म्हटलं आणि दोन पायऱ्या जरा जोरात चढले.

अम्मींनी भुरीला आजवर हात लावलेला नाही. मी तिला खायला घालून आले की अजूनही विचारतात, "हात धुतलेस?" मी धुते. पण गेल्या महिन्यात त्या नणंदेकडे चार दिवसांसाठी निघाल्या तेव्हा दारात थांबल्या, काठीवर भार देऊन मागे वळल्या. भुरी जाळीजवळ उभी होती, कान ताठ.

"बर्तीनी," अम्मी तिला म्हणाल्या.

मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "येते. जाते म्हणायचं नसतं."